डिश की व्हिडिओ कॉन्फरन्स? आधी सांगा, प्रश्न कोण विचारणार

मॅडम, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. शहाद्याजवळ तुमचं मुख्य कॉलेज, संस्थेच्या आणखी पाच शाखा, त्यातल्या दोन वर डोंगरात, एक धडगावकडे आणि एक मोलगीकडे. येत्या २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, बंगळुरूच्या एका शास्त्रज्ञांचं व्याख्यान सहाही ठिकाणच्या मुलांना एकाच वेळी ऐकवायचं आहे. प्राचार्य म्हणतात डिश लावून टाकू, एकदाच खर्च आणि कटकट नाही. सचिवांकडे एका विक्रेत्याचं कोटेशन आलंय, सहा ठिकाणी व्हिडिओ कॉन्फरन्सचे संच बसवायचे. सोमवारच्या बैठकीत तुम्हाला यातलं एक काहीतरी सांगायचं आहे.

सोमवारी दोन्ही नका सांगू. त्याऐवजी एक कोरा कागद टेबलावर ठेवा आणि सगळ्यांना विचारा, या कार्यक्रमात कुठल्या हॉलमधून आवाज परत यायला हवा? नुसते ऐकणारे कोण, बोलणारे कोण? एकतीस वर्षं मी खान्देशातल्या कॉलेजांच्या सभागृहांत तारा ओढतोय. जळगाव, भुसावळ, चोपडा, शिरपूर, तळोदा, कुठलं सभागृह सोडलं नाही. फसलेले जेवढे कार्यक्रम पाहिले, त्यांतल्या बहुतेकांत हा कागद कुणी केलेलाच नव्हता. यंत्र आधी आलं, कार्यक्रम नंतर बसवला.

आता प्राचार्यांच्या डिशकडे येऊ, कारण त्यांचा गैरसमज अगदी सार्वत्रिक आहे. डिश म्हणजे कान. तोंड नाही. वर उपग्रहावर जे आधीच चाललंय तेवढंच ती खाली आणते. तुमच्या शास्त्रज्ञांचं व्याख्यान वर चढवायचं तर त्यासाठी अपलिंक लागतं, म्हणजे टीव्हीवाल्यांची ती छपरावर डिश असलेली गाडी किंवा एखादं टेलिपोर्ट म्हणजे उपग्रहाकडे सिग्नल पाठवणारं जमिनीवरचं केंद्र, उपग्रहावरची भाड्याची जागा, आणि सरकारी परवानगी. एका तासाच्या व्याख्यानासाठी हा व्याप कुठलंच कॉलेज करत नाही, करूही नये. 'आमच्याकडे डिश आहे, मग आमचा कार्यक्रम बाकीच्या शाखांत का दिसत नाही?' हा प्रश्न मला एका संस्थेच्या अध्यक्षांनी भर सभेत विचारला होता. मी काय उत्तर देणार? म्हटलं, दादासाहेब, रेडिओ ऐकणाऱ्याला रेडिओवर बोलता येत नाही. ते हसले, पण डिशचं बिल मात्र माझ्याच नावावर फाडलं.

म्हणून डिश टाकाऊ आहे असं मात्र मी म्हणणार नाही. २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ आठवा. चंद्रयान-३ सहा वाजून चार मिनिटांनी उतरणार होतं, आणि यूजीसीनं सगळ्या उच्च शिक्षण संस्थांना कळवलं होतं की मुलांना एकत्र बसवून थेट प्रक्षेपण दाखवा. मी त्या दिवशी यावल तालुक्यातल्या एका कॉलेजात होतो. प्राध्यापकांनी यूट्यूब लावलं होतं. इस्रोच्या त्या प्रक्षेपणाला एका क्षणी ऐंशी लाखांहून जास्त लोक एकाच वेळी जोडलेले होते, त्यात आमच्या कॉलेजची ती बिचारी लाइन. शेवटची दहा मिनिटं आली आणि पडद्यावर ते गोल गोल फिरायला लागलं. हॉलमध्ये चारशे पोरं. मी आधीच ग्रंथालयाच्या गच्चीवरची दूरदर्शनची फ्री डिश जोडून ठेवली होती, प्रोजेक्टरच्या दुसऱ्या एचडीएमआयला. रिमोटचं एक बटण दाबलं, दूरदर्शन आलं, आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या त्या सगळ्या भारताबरोबर. यूट्यूबवर थांबलो असतो तर शेजारच्या गल्लीत फटाके वाजल्यावर आम्हाला कळलं असतं.

हे डिशचं काम. एकाच्या तोंडून निघालेलं लाखोंना एकदम ऐकवायचं असेल, परत कुणी काही बोलायचं नसेल, तर उपग्रहासारखं काही नाही. ऐकणारी जागा एक असो की दहा हजार, वरच्या खर्चात पैशाचा फरक पडत नाही, आणि एका जागेची डिश बिघडली म्हणून दुसरीला ढिम्म काही होत नाही. १९७५-७६ च्या 'साइट' नावाच्या, उपग्रहावरून शिकवायच्या प्रयोगात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २४०० गावांना वर्षभर कार्यक्रम दाखवले, तेही याच गुणावर. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. आपल्याकडे ही हवा आली ती १५ ऑगस्ट १९८४ पासून, यूजीसीचे शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवर लागायला लागले तेव्हा. आजही स्वयंप्रभाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या शैक्षणिक वाहिन्या जीसॅट-१५ उपग्रहावरून फुकट मिळतात. रोज किमान चार तास नवा मजकूर आणि तोच दिवसात पुन्हा पुन्हा, म्हणजे पोरगं सकाळी केळीच्या बागेत गेलं तरी संध्याकाळी बघू शकतं. त्यासाठी प्रत्येक शाखेत एक डिश असावी असं माझं मत आहे. दोन-अडीच हजारांत काम होतं. पण ती तुमच्या २८ फेब्रुवारीसाठी नाही.

'उपग्रहावरून दुतर्फा बोलता येतंच की' असं बैठकीत कुणीतरी म्हणेल. येतं. २० सप्टेंबर २००४ ला इस्रोनं एज्युसॅट सोडला तो खास शिक्षणासाठीच. त्याआधी इन्सॅट-३बी वरून तीन विद्यापीठांत चाचणी झाली, त्यात आपल्या शेजारच्या नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ होतं. त्या काळात केंद्रं दोन तऱ्हेची असत. काहींना नुसतं ऐकायची सोय, काहींना परत बोलायचीही. परत बोलणाऱ्या केंद्राची डिश मोठी, वर ट्रान्समीटर, खोलीत वेगळी पेटी, आणि ते सगळं सांभाळायला माणूस. साहजिकच ऐकणारी केंद्रं सोपी आणि स्वस्त, बोलणारी महाग. आज तुम्ही ज्या पेचात आहात तोच पेच वीस वर्षांपूर्वी त्या लोकांनी पैशात मोजला होता.

अशा एका बोलणाऱ्या केंद्रावर मी तेव्हा मदतनीस होतो. अभियांत्रिकीचं व्याख्यान, दूर कुठल्या तरी स्टुडिओत सर शिकवताहेत, आणि आमच्याकडची एक मुलगी प्रश्न विचारायला उठली. 'सर, मला...' म्हणाली आणि थांबली, कारण सरांचा चेहरा हलला नाही. तिला वाटलं ऐकू गेलं नाही. ती पुन्हा 'सर, मला' म्हणाली. तेवढ्यात तिकडून सर म्हणाले, 'हां, बोला बोला.' आता दोघंही एकदम बोलतायत. मग दोघंही एकदम गप्प. मग दोघंही पुन्हा एकदम. हॉल हसला, मुलगी लाल झाली आणि खाली बसली. तिचा प्रश्न काय होता ते कुणालाच कळलं नाही.

यात कुणाची चूक नव्हती. हा उपग्रह विषुववृत्तावर जवळजवळ ३६ हजार किलोमीटर उंच असतो. आवाज वर जाऊन खाली यायला साधारण पाव सेकंद लागतो. उत्तर परत यायला आणखी पाव. शिवाय पेट्यांना चित्र दाबायला-उलगडायला लागणारा वेळ. माणसाच्या कानाला बोलताना दीडशे मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर जाणवत नाही, त्यापुढे खटकायला लागतो, चारशेच्या पुढे संभाषणच मोडतं. म्हणून त्या केंद्रांवर नंतर आम्ही नियमच केला. प्रश्न विचारणाऱ्यानं नाव-गाव सांगायचं, पूर्ण प्रश्न एका दमात बोलायचा, शेवटी 'धन्यवाद' म्हणायचं, आणि त्या धन्यवादानंतरच सरांनी तोंड उघडायचं. पोलिसांच्या वॉकीटॉकीसारखं. तुमच्या डोंगरातल्या शाखेला कुणी व्हीसॅट, म्हणजे उपग्रहावरून दुतर्फा बोलणारी छोटी डिश, लावून दिलं, तर आजही हाच नियम लागेल. दोन्ही टोकांना व्हीसॅट असेल आणि बोलणं मधल्या हबवरून, म्हणजे जमिनीवरच्या मुख्य केंद्रावरून जात असेल, तर उशीर दुप्पट धरा.

डिशविषयी आणखी दोन गोष्टी. एक पाऊस. जुलैत एका उद्घाटनाच्या वेळी चित्राचे चौकोन पडायला लागले, तेव्हा संस्थेच्या एका शिपायाला छत्री देऊन स्लॅबवर पाठवलं गेलं, डिशवर धरायला. तो भला माणूस अर्धा तास भिजत उभा राहिला. काही उपयोग नव्हता, कारण अडचण डिशवरच्या पाण्याची नव्हती, आकाशातल्या मैलभर पावसाची होती. छोट्या डिशा ज्या केयू बँडच्या लहरींवर चालतात त्याला मोठा पाऊस सोसत नाही. जुन्या सहा-आठ फुटी जाळीच्या डिशा सी बँडच्या, त्यांना तेवढा त्रास होत नसे. फेब्रुवारीत तुम्हाला याची चिंता नाही.

दुसरी गोष्ट सूर्याची, आणि ही डिशवाला कधीच सांगत नाही. वर्षातून दोनदा सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीमागे येतो आणि डिशला उपग्रहाऐवजी सूर्याचाच गोंगाट ऐकू येतो. काही दिवस, रोज पाच-दहा मिनिटं, चित्र गायब. आपल्या खान्देशातून जीसॅट-१५ आग्नेयेला दिसतो, त्यामुळे हे घडतं ते मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी अकराच्या आसपास. आता सांगा, आपल्याकडे कार्यक्रम किती वाजता असतात? गांधी जयंतीला सकाळी अकराला थेट प्रक्षेपण दाखवायचं ठरवून एका कॉलेजनं पाहुण्यांपुढे निळा पडदा दाखवला होता, आणि केबलवाल्या पोराला उगाच शिव्या बसल्या. दहा मिनिटांनी चित्र आपसूक आलं, तेव्हा तो कुठलीशी तार हातात धरून उभा होता, म्हणून श्रेयही त्यालाच मिळालं.

बरं, आता सचिवांचं कोटेशन. व्हिडिओ कॉन्फरन्सला मी विरोध करत नाही, माझं पोट त्याच्यावरच भरलं. एकेकाळी आयएसडीएनच्या, म्हणजे डिजिटल टेलिफोनच्या तीन लाइनी जोडून ३८४ केबीपीएस मिळवायचो आणि त्यावर मुलाखती घ्यायचो. आज मोबाइलवर त्याहून बरं चित्र येतं. पण समोरासमोरच्या गप्पांचं यंत्र सहा भरलेल्या सभागृहांत नेलं की त्याचा स्वभाव बदलतो. दोन जागा असतात तेव्हा बिघडण्याच्या जागाही दोन. सहा असतात तेव्हा एकाची चूक बाकी पाचांच्या कानात जाते. एका संस्थेच्या सहा केंद्रांच्या कार्यक्रमात कुलगुरुपदावरून निवृत्त झालेले पाहुणे विवेकानंदांवर बोलत होते. एका केंद्रानं माइक बंद केला नव्हता. ऐन रंगात सहाही सभागृहांत स्पीकरवरून आवाज आला, 'भाऊ, भजा लई येऊ का?' पुढचा अर्धा तास त्या पाहुण्यांकडे बघून कुणाला गंभीर होता आलं नाही.

हा विनोद झाला. खरा वैरी म्हणजे प्रतिध्वनी. बघा काय होतं. पाहुण्यांचा आवाज इंटरनेटवरून तुमच्या हॉलच्या मोठ्या स्पीकरमधून बाहेर पडतो. तोच आवाज स्टेजवरच्या माइकमध्ये शिरतो. तिथून परत इंटरनेटवर, परत पाहुण्यांच्या कानात, अर्ध्या-एक सेकंदानं. स्वतःचंच बोलणं मागून ऐकू यायला लागलं की कितीही मोठा वक्ता अडखळतो. तीन वाक्यांत थांबतो आणि म्हणतो, 'माझा आवाज येतोय का?' लॅपटॉपमध्ये प्रतिध्वनी मारायची सोय असते, पण ती खोलीपुरती. चारशे माणसांच्या हॉलच्या डीजेछाप स्पीकरपुढे ती हात टेकते.

उपाय सोपा आहे, पण साऊंडवाल्याला आदल्या दिवशी शिकवावा लागतो. मिक्सरवर लॅपटॉपमधून येणारा पाहुण्यांचा आवाज एका चॅनलवर घ्यायचा. लॅपटॉपला परत जो आवाज द्यायचा तो मुख्य आउटपुटवरून न देता ऑक्सवरून, म्हणजे मिक्सरच्या वेगळ्या जादा आउटपुटवरून द्यायचा, आणि त्या ऑक्सवर पाहुण्यांच्या चॅनलचं बटण शून्यावर ठेवायचं. म्हणजे पाहुण्यांना हॉलमधलं सगळं जातं, त्यांचं स्वतःचं सोडून. एवढं एक बटण. मी ते बटण शून्यावर करून त्यावर पांढरी चिकटपट्टी लावतो आणि पेननं लिहितो, 'हात लावू नये'. तरी कुणीतरी लावतो. दुसरं, प्रश्न विचारायचा माइक हॉलमध्ये फिरता ठेवा आणि प्रश्न संपला की तो खरोखर बंद करणारा एक विद्यार्थी नेमा. त्याला दुसरं काम देऊ नका, सत्काराचे हार सांभाळायलाही नाही.

चित्राचं म्हणाल तर त्याची फार काळजी करू नका. चित्र अडकलं तर मुलं अर्धा मिनिट थांबतात, आवाज अडकला की लगेच मोबाइल काढतात. कोटेशनमध्ये हलणारे-झूम होणारे कॅमेरे आहेत ना? ते सहाही ठिकाणचे काढून टाका. त्या पैशात बरे माइक आणि मुख्य कॉलेजात एक बरा मिक्सर घ्या. विक्रेता नाराज होईल, कारण त्याचा नफा कॅमेऱ्यात आहे.

इंटरनेटचा वेग सगळे सांगतात तो उतरणीचा, म्हणजे डाउनलोडचा. दुतर्फा बोलण्याला चढणीचा, म्हणजे अपलोडचाही लागतो. बऱ्या चित्रासाठी एका जागेला दीड-दोन एमबीपीएस चढण सलग मिळायला हवी, 'सलग' हा शब्द महत्त्वाचा. मोजायचं ते कार्यक्रमाच्याच वेळी, म्हणजे कामाच्या दिवशी सकाळी अकराला, जेव्हा ऑफिसमध्ये शिष्यवृत्तीचे फॉर्म भरणं चालू असतं. रात्री नऊला मोजून 'भरपूर आहे' म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत. आणि त्या दीड तासासाठी कॉलेजचं वाय-फाय बंद ठेवा. मुलांचा राग पत्करा. मोबाइलच्या सिमवर चालवायची वेळ आली, तर दीड एमबीपीएसला तासाला एका बाजूनं पावणेसातशे एमबी जातात. डोंगरात पोरं स्वतःचा डेटा देतील त्यावर विसंबू नका.

आता परत त्या कोऱ्या कागदाकडे. तुम्ही कळवलंय की व्याख्यान पाऊण तास, मग प्रश्नोत्तरं अर्धा तास. पाऊण तासात परत येणारे आवाज किती? शून्य. अर्ध्या तासात? तीस मिनिटांत नीट विचारलेले आणि नीट उत्तर दिलेले प्रश्न आठ-दहा होतात, त्याहून जास्त होत नाहीत. म्हणजे सहा जागांना मिळून दहा वेळा बोलायचंय. दहा वाक्यांसाठी सहा संच. सचिवांना हे असंच सांगा, ते व्यापारी आहेत, त्यांना लगेच कळेल.

मोठमोठ्या लोकांनीही हेच केलंय. आयआयटी मुंबईनं देशभरातल्या अभियांत्रिकीच्या शिक्षकांना शिकवायचा मोठा उपक्रम केला तेव्हा शेकडो केंद्रं ए-व्ह्यू नावाच्या प्रणालीवर जोडली होती. शिकवणं सगळ्यांना एकदम, पण बोलायची पाळी एका वेळी एका केंद्राची. हात वर करा, नाव पुकारलं की बोला. केंद्रं शेकडो असोत की तुमच्यासारखी सहा, एका वेळी तोंड एकच उघडं राहतं.

तुमच्यासाठी मी असं करीन. शास्त्रज्ञ आणि मुख्य कॉलेज, हे दोघं खऱ्या दुतर्फा जोडणीवर. झूम चालेल, मीट चालेल, जे तुमच्या साऊंडवाल्याला सवयीचं असेल ते. फक्त फुकटचं खातं वापरू नका, झूमचं चाळिसाव्या मिनिटाला आणि मीटचं साठाव्या मिनिटाला तोंड बंद होतं, आणि ते नेमकं मुद्द्यावर होतं. तेच चित्र मुख्य कॉलेजातून यूट्यूब लाइव्हला सोडा. खालच्या तीन शाखा, जिथं फायबर आहे, त्या यूट्यूबवर बघतील. यूट्यूब हे आजचं प्रक्षेपणच आहे, स्वभाव डिशचाच, एक बोलणार आणि बाकी ऐकणार. वीस-तीस सेकंद मागे चालतं, पण ऐकणाऱ्याला काय फरक पडतो? उलट तो मागे असल्यामुळे थोडा साठा जवळ असतो आणि लाइन क्षणभर अडखळली तरी चित्र चालू राहतं. दुतर्फा जोडणीत ही सवलत नाही.

प्रश्नोत्तरांच्या वेळी मात्र यूट्यूबचा हा उशीर नडेल. शाखेतली मुलगी प्रश्न विचारेल आणि तिला स्वतःचाच प्रश्न अर्ध्या मिनिटानं पडद्यावर ऐकू येईल. म्हणून प्रश्नोत्तरं सुरू होताना त्या तीन शाखांनी यूट्यूब बंद करून सरळ मीटिंगमध्ये यायचं, माइक बंद ठेवून. सूत्रसंचालक नाव पुकारील त्याच शाखेनं माइक उघडायचा. ही उडी एकदा तालमीत मारून बघा. नाहीतर दोन्हींचा आवाज चालू राहतो आणि हॉलमध्ये शास्त्रज्ञ स्वतःच्याच मागं धावतात.

धडगाव आणि मोलगीकडच्या शाखांचं मला वेगळं वाटतं. तिथं नेट आहे, पण त्याचा भरवसा त्या दिवशी सकाळी कळतो. आणि माझ्या मते प्रश्न विचारायचा पहिला हक्क त्याच मुलांचा आहे, कारण शहाद्याच्या मुलाला जळगावला विद्यापीठात जाऊन एखादा शास्त्रज्ञ भेटू शकतो, त्यांना तो भेटत नाही. म्हणजे जिथं परतीचा आवाज सगळ्यात जास्त हवा तिथंच वाट सगळ्यात वाईट. मी काय करीन? शास्त्रज्ञांना विनंती करीन की व्याख्यानाची पाऊण तासाची फीत आधीच करून पाठवा. ती पेनड्राइव्हवर घालून दोन दिवस आधी एसटीनं किंवा एखाद्या शिक्षकाबरोबर वर पोचवायची. २८ तारखेला त्याच वेळी तिथं ती चालवायची, बाकीच्यांसारखीच. व्याख्यान थेटच हवं हा हट्ट कशाला? प्रश्नाच्या वेळी मात्र ते थेट येतील, साध्या फोनवरून.

हो, साध्या फोनवरून. काही वर्षांपूर्वी सातपुड्यातल्या एका आश्रमशाळेतून आमची जोडणी तुटली, नेमकी त्यांची पाळी आली तेव्हा. तिथल्या सरांनी मला फोन लावला माफी मागायला. मी म्हटलं, माफी राहू द्या, मुलीला फोन द्या. माझ्या मोबाइलच्या हेडफोनच्या भोकातून मिक्सरला जाणारी तार माझ्या पिशवीत कायम असते. ती लावली. हॉल शांत झाला आणि स्पीकरमधून एक बारीक, स्वच्छ आवाज आला. तिनं विचारलं की वीज पडते ती आमच्या उंच पाड्यावरच जास्त का पडते. चित्र नव्हतं. पाहुण्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि त्या दिवसातलं सगळ्यात लांब उत्तर दिलं. फोनला उशीर कमी असतो, त्यामुळे ती मध्येच 'मग झाडाखाली थांबायचं नाही का?' असंही विचारू शकली. ज्या केंद्रांवर भारी कॅमेरे होते तिथून त्या दिवशी आलेले प्रश्न मला आज एकही आठवत नाही.

तर त्या दोन शाखांसाठी एक फोन, तो मिक्सरला जोडायची एक तार, आणि तिकडे एक बोलका शिक्षक. हल्लीच्या बऱ्याच मोबाइलना हेडफोनचं भोक नसतं, तेव्हा जुना फोन शोधा किंवा जोडणी आणा. इथंही तोच नियम, फोनकडे परत जाणारा आवाज ऑक्सवरून आणि त्यात फोनचा स्वतःचा आवाज नाही. आपल्या साऊंडवाल्यानं वरचा ऑक्सचा परिच्छेद वाचला असेल तर त्याला कळेल.

लाईटचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते आपल्याकडे न विचारता येतं. लाईट गेली-आली तर सेट-टॉप बॉक्स मिनिटभरात उभा राहतो. फायबरची पेटी, मग राउटर, मग कॉम्प्युटर, मग मीटिंग, मग आत घ्यायला कुणीतरी जागं असणं, यात सात-आठ मिनिटं जातात. दिव्याचा जुना प्रोजेक्टर असेल तर तो तापलेला असताना लगेच लागतही नाही. जनरेटर असला तरी तो सुरू होईपर्यंतचा अर्धा मिनिट पुरेसा आहे सगळं पाडायला. म्हणून फायबरच्या पेटीला आणि राउटरला छोटा डीसी युपीएस लावा, आणि मीटिंग लॅपटॉपवर चालवा, डेस्कटॉपवर नको. लॅपटॉपची बॅटरी खरोखर चालते का ते बघा. कॉलेजातल्या लॅपटॉपची निम्म्या वेळा चालत नाही.

बैठकीत प्राचार्यांचं मन राखायचं असेल तर त्यांना सांगा, डिश घेऊ, सहाही शाखांत घेऊ, पण स्वयंप्रभासाठी आणि पुढच्या चंद्रयानासाठी. सचिवांना सांगा, संच एकच घेऊ, मुख्य कॉलेजात, आणि विक्रेत्याकडून लेखी घ्या की तो कार्यक्रमाच्या दिवशी स्वतः हजर राहील. एका ठिकाणी आमचा विक्रेता संच बसवून गेला तो थेट दुरुस्तीचं बिल घेऊनच परत आला.

तालीम शनिवारी दुपारी घ्या, सहाही ठिकाणी एकदम. हॉलचे पंखे पूर्ण वेगात चालू ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा, पोरं बसवा, रिकाम्या हॉलमधली तालीम घेऊ नका. आणि मोलगीच्या हॉलमधून कुणाला तरी मला फोन लावायला सांगा, साध्या फोनवरून, माइकपासून चार हात लांब उभं राहून. मला तो पंख्याचा आवाज ऐकायचाय.